डोणगावच्या तिजोरीवरची पितळी पाटी

ऑइलपेंटचा वास आला की मला डोणगावची ती तिजोरी आठवते. घरापासून लांब, मेहकरात एका तिजोरीवाल्या मिस्त्रींकडे मी कामाला होतो आणि जुनी तिजोरी कुठली, किती वर्षांची हे ओळखायला त्यांनी पहिल्यांदाच मला एकट्याला पाठवलं होतं. दर दसऱ्याला रंगवून तिच्यावर जाड थर चढलेला. तो खरवडला तर खाली पितळी पाटी निघाली, सगळी इंग्रजी. माझी शाळा सातवीतच सुटलेली, मला ती वाचता येईना. घरच्या काकूंनी विचारलं, "काय लिवेल हाय, भाऊ?" न ऐकल्यासारखं करून मी कोपरे चाचपले. फार जुन्या विलायती तिजोरीला तिथं पत्रे जोडणारे रिवेट, म्हणजे ठोकलेले जाड खिळे, असतात. हिला वेल्डिंग होतं. "इकडचीच आहे, पन्नासेक वर्षांची," म्हणालो, आणि पाटी वाचता येत नाही हेही सांगून टाकलं. आता काम गेलंच, असं वाटलं. काकू हसल्या. "बरं झालं! थे विलायती पाटी माह्या सासऱ्यानं भंगारातून आणून ठोकली होती. आंधी वाचणारे सारे हिले विलायती समजून फसले." मग मिस्त्रींना फोनवर एवढंच म्हणाल्या, "माणूस जाणकार धाडला हो तुमी." बसस्टँडवर हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं, पण ओळखीचं कुणीच नव्हतं. म्हणून आज लिहितोय.