नऊ नंबरचा गोल

आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी दुपारी एकच मॅच परत परत खेळतात. ती मॅच होऊन वीसेक वर्षं उलटली. बघणाऱ्यांची पोटं सुटली, केस गेले, पण ह्यांची सेमीफायनल काही खलास होत नाही. मी गिरिजा. शारजाला रोल्लात राहते. नवरा रामेश्वर एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघतो. आम्ही कोल्हापूरचे, आणि कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलवर बोलायला निमित्त लागत नाही. सात-आठ जण जमतात, सगळे एकाच कॉलेजचे, आणि सगळ्यांनी म्हणे ती मॅच स्टँडात बसून बघितलेली. मी तांबडा-पांढरा रस्सा करते. मटण इथं पन्नास दिरहम किलो, म्हणजे बाराशे रुपये, हे मी दर वेळी मोठ्यानं सांगते. ऐकतंय कोण!

सांगायचा मान फैजचा. इंडस्ट्रियल एरियात त्याचं गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे, आवाज असा की शेजारची केरळची बाई दार लावून घेते. विद्यापीठाच्या स्पर्धेची सेमीफायनल, समोर सांगलीचं कॉलेज, एक-एक बरोबरी, शेवटची चार-पाच मिनिटं. उजवीकडून बॉल येतो, नऊ नंबरचा मिथुन तो छातीवर घेतो, जमिनीला लागू न देता डाव्या पायानं हाणतो, आणि गोली नुसता बघत राहतो. "नादच करायचा नाय!" फैज ओरडतो, सगळे टाळ्या पिटतात, आणि माझे काचेचे ग्लास थरथरतात. दोन दिवसांनी फायनलला चार गोल खाऊन हरलो, ते कुणी सांगत नाही. कशाला सांगतील?

ह्या सगळ्यांत दाराजवळच्या स्टुलावर बसायचा तो केरू. सोफ्यावर जागा असली तरी स्टुलावरच. दुबईत अल क्वोजला एका वर्कशॉपमध्ये एसीच्या डक्टचा पत्रा कापतो, वाकवतो. राहायला कंपनीचीच खोली, एका खोलीत सहा जण. त्यांतले चार बंगाली, एक नेपाळी, म्हणजे मराठी बोलायला महिनाभर कुणी नाही. गाव भुदरगडच्या बाजूला. कॉलेजला होस्टेलवर होता, दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून थोरल्या भावाच्या पाठोपाठ इकडं आला. भाऊ परत गेला, हा राहिला. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, की बायको आणि मुलगी पाहुणा आल्यासारख्या आवरून बसायच्या, आणि हा घरात जपून जपून वावरायचा. "वहिनी, माझ्याच घरात चहाचा डबा कुठं असतो ते मला विचारायला लागतंय," असं एकदा हसत म्हणाला होता. मला काही हसू आलं नाही.

तो यायचा दोन बस बदलून, सगळ्यांच्या आधी तासभर. मग ओट्यापाशी उभा राहून लसूण सोलायचा. मी नको म्हटलं तरी ऐकायचा नाही. "घरात बाई कायतरी बोलतीया, आपण कायतरी सोलतोय, एवढंच पायजे असतंय," म्हणायचा. अशाच एका रविवारी मी सहज म्हटलं, "भावजी, फैजभाई ओरडतात तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवता, पण तोंड असं का करता?"

त्यानं लसूण खाली ठेवला. "वहिनी, तो गोल माझा हाय."

मला आधी हसू आलं. मग त्याचं तोंड बघून मी गॅस बारीक केला.

झालं होतं असं. कॉलेजकडं टी-शर्ट होते मोजके. राखीव पोरगा मैदानात जायचा झाला, की बाहेर येणाऱ्यानं अंगातला काढून द्यायचा आणि आत जाणाऱ्यानं तोच घामेजलेला चढवायचा, अशी रीत. शेवटाला मिथुनच्या पायात गोळा आला. तो पलीकडच्या रेषेवर लंगडत गेला, नऊ नंबर काढून केरूच्या अंगावर टाकला. अंगानं दोघं सारखेच, दोघांचे केस बारीक. पण एवढं मोठं स्टँड भरलेलं, कुणाला दिसलं कसं नाही? तर नेमकं त्याच वेळी स्टँडात मारामारी लागली होती! आमच्या पठ्ठ्यांच्या पाठी मैदानाकडं, तोंडं भांडणाकडं. फैज तर त्या मारामारीतच होता, भुवईवरची खूण अजून मिरवतो. भांडण मिटवून वळले तो नऊ नंबर गोल मारतोय. झाला मिथुनचा गोल! शिट्टी झाल्यावर लोक मैदानात घुसले आणि उघड्या अंगाच्या मिथुनलाच खांद्यावर घेतलं, टी-शर्ट आनंदात भिरकावला असेल म्हणून. मिथुन पेठेतला, सगळ्या गावाच्या ओळखीचा. केरू होस्टेलवरचा खेड्यातला पोरगा, त्याला कोण विचारतो?

"मिथुन काही बोलला नाही?" मी विचारलं.

"बोलला की. रात्री होस्टेलवर आला, मला मिठी मारली. म्हणाला, गोल तुझा आणि नाव माझं, असं कसं चाललं? उद्या सगळ्यांना सांगतो." केरूनं परत लसूण हातात घेतला. "मग फायनल हरलो. संघातल्या पोरांना ठाऊक होतं, पण कुणाला कुणाशी बोलायचंच नव्हतं. पुढं ती पांगली. पण तो सांगंल, वहिनी. मनाचा मोठा हाय. मी सांगितलं तर लोक म्हणतील, बघा, दुबईला जाऊन थापा मारायला शिकला. त्यानं सांगितलं तर खरं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉलमध्ये जाते आणि त्या फैजचं तोंड बंद करते. तर ह्यानं माझी वाट अडवली. "माझी शपथ हाय तुम्हाला," म्हणाला. आता ह्या माणसाला शपथ घालायला तरी दुसरं कोण होतं इथं? मी परत गॅसपाशी वळले. रात्री रामेश्वर झोपल्यावर मी चिडचिड केली, तर माझी मुलगी मनाली मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मम्मा, इट वॉज जस्ट वन गोल." जस्ट वन गोल म्हणे! ज्याच्याकडं एकच आहे त्याला विचार.

पुढं प्रकरण वाढलं, कारण केरूची मुलगी समिधा त्याच कॉलेजला गेली. नुसती गेली नाही, मुलींच्या फुटबॉल संघात राखीव म्हणून लागली. केरूच्या चालीत फरक पडला, खरं सांगते. आला की मला फोनवर तिचे व्हिडिओ दाखवायचा. बापासारखी डावखुरी. आधी बाप-लेकीचं बोलणं म्हणजे जेवलीस का, हो जेवले, एवढंच. आता ती विचारायची, पप्पा, बॉल कसा अडवायचा, आणि हा वर्कशॉपच्या पायरीवर बसून अर्धा अर्धा तास सांगायचा. त्या भरात एकदा त्यानं तिला गोलचं सांगून टाकलं. पोरगीच ती, तिनं मैदानावर सगळ्यांना सांगितलं. आणि सगळे हसले. "तुझा बाप? अगं, तो गोल मिथुनदादांचा, शेंबडं पोर पण सांगेल." ती भांडली, रडली, आणि रात्री बापाला म्हणाली, "पप्पा, खरं सांगा. तुम्ही होता ना?"

आणि मिथुनदादा म्हणजे आता कोण? पंपांचा मोठा डीलर. मुलींच्या संघाचे बूट त्याचे, गाडी त्याची, अकरात कुणाला घ्यायचं हेही त्याच्याच शब्दावर. केरूला ह्यात काही वावगं दिसलं नाही, उलट बरं वाटलं. "त्यालाच विचारू की," लेकीला म्हणाला. "तुझ्यासमोर सांगंल तो."

योग असा, की पंपाच्या कंपनीनं डीलर लोकांना दुबई दाखवायला आणलं. बुर्ज, वाळवंट, सोनं, सगळं झाल्यावर फैजनं मिथुनला गाडीत घातलं आणि रविवारी आमच्याकडं आणलं. केरू त्या दिवशी दोन तास आधी आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. लसूण सोलता सोलता तीनदा हात धुतले. "वहिनी, वास येतोय काय हाताला? मिठी मारंल तो." मी म्हटलं, "मारू दे. कोल्हापूरच्या माणसाला लसणाचं काय!" हसला. इतका मोकळा हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

मिथुन आला. माणूस वाईट नाही, आधीच सांगते. बसायच्या आधी माझ्या पाया पडायला वाकला, पेढे आणले होते, हॉलमधल्या प्रत्येकाच्या घरच्यांची चौकशी केली. केरूसमोर आल्यावर हात हातात घेऊन थांबला. "चेहरा ओळखीचा वाटतोय राव. होस्टेलला होतास न्हवं?"

"व्हय," केरू म्हणाला. "होस्टेलला."

मिठी नाही. मला वाटलं, आठवेल, जरा वेळ जाऊ दे. केरूनंही तेच ठरवलं असणार, कारण त्यानं फोन काढला, समिधाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन छातीशी धरून स्टुलावर बसला. तिला आधीच सांगून ठेवलेलं, चार वाजता मोकळी राहा म्हणून.

फैज म्हणाला, "आज आम्ही न्हाई, आज गोलच्या मालकानं सांगायचं. यल्ला, चल मिथुन!"

आणि मिथुननं सांगितलं. पायात गोळा आला होता, हे त्यानं सांगितलं. बाहेर जाणार होतो, हेही सांगितलं. "पण म्हटलं, आत्ता गेलो तर आयुष्यभर तोंड दाखवता यायचं न्हाई. तसाच उभा राहिलो. बॉल छातीवर आला, आणि डावा पाय कसा उठला मलाच कळलं न्हाई." मी स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. खोटं बोलणारा माणूस एकदा तरी नजर चुकवतो. हा चुकवत नव्हता. वीस वर्षं लोकांकडून ऐकून ऐकून त्याला ते खरंच आठवत होतं. शिव्या घालायला समोर चोर असता तर बरं झालं असतं.

टाळ्या थांबल्या तेव्हा फोनमधून आवाज आला. "सर, मी समिधा. तुमच्या टीममध्ये आहे. एक विचारायचंय."

मिथुन हरखला. "अरे, आमची राखीव पोरगी! ही तुझी व्हय? विचार की."

"माझे पप्पा होते ना त्या मॅचला?"

साधा प्रश्न. पण पोरीचा आवाज चिरका झालेला, पुढचं वाक्य ओठावर तयार. मला कळलं, केरूला माझ्या आधी कळलं. ती आता थांबणार नव्हती. सरांना सगळ्यांदेखत खोटं ठरवणार होती, आणि मग कुठले बूट आणि कुठला संघ! मिथुननं केरूकडं वळून बघितलं, अगदी निर्मळ मनानं. "होतास काय रे?"

मी एक पाऊल पुढं टाकलं. केरूनं माझ्याकडं बघितलं, आणि मी जिथल्या तिथं थांबले.

"होतो की," तो म्हणाला. "स्टँडात. मारामारीत होतो."

सगळे खदखदून हसले. फैजनं त्याच्या पाठीत थाप मारली. "सांगायचंस की लगा एवढी वर्षं! आपण दोघं एकाच भांडणात!"

"पप्पा," फोन म्हणाला. "तुम्ही तर मला—"

"गंमत केली ग तुझी."

"गंमत?"

"व्हय. सरांचं ऐक आता. त्यांच्यासारखं खेळायचं."

मिथुन फोनवर वाकून म्हणाला, "बाप मस्करी करतोय आणि तू खरं धरतीस व्हय! पुढच्या मॅचला तुला उतरवतो, बघ." समिधानं थँक्यू सर म्हटलं. मग बापाकडं न बघता म्हणाली, "मी सगळ्यांशी भांडले होते." आणि फोन बंद झाला.

केरूनं फोन खिशात ठेवला. जेवला, सगळ्यांसारखा, दोनदा पांढरा रस्सा मागून घेतला. जाताना तो चपला घालत होता, तेव्हा मी दबक्या आवाजात म्हटलं, "भावजी, हे काय केलंत? निदान तिला एकटीला खरं सांगा." तर म्हणाला, "ती गप्प बसायची न्हाई वहिनी. माझीच हाय. खेळू दे तिला." आणि तो लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरला. मी सिंकपाशी येऊन रडले. रामेश्वरनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, कांदा.

त्यानंतर तो आला नाही. एक महिना म्हटलं ओव्हरटाइम असेल, दुसऱ्या महिन्यात मी फोन केला. इकडचंतिकडचं बोलला. समिधा अकरात खेळायला लागली म्हणाला, तेही त्याला फैजनं व्हिडिओ पाठवला म्हणून कळलं. मी म्हटलं, या की रविवारी, लसूण कोण सोलणार?

"नको वहिनी," तो म्हणाला. "इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या त्या तो सांगंल म्हणून. आता वाजवायला हात उचलत न्हाई."

"आणि समिधा? फोन करते ना?"

"मी करतो की रोज. जेवलीस का विचारतो. ती जेवले म्हणती." मागं पत्रा कापायचं मशीन सुरू झालं, तसा त्यानं आवाज चढवला. "फुटबॉलचं आता मला काय विचारत न्हाई."