दांडेलीला नेलेला डबा

निपाणीच्या स्टँडवर सकाळची बस सुटता सुटता आईनं खिडकीतून डबा आत दिला आणि आक्काला बजावलं की दिवस मावळायच्या आत जेव. मला काहीच बजावलं नाही. मी बेळगावात एमएस्सी करते, हॉस्टेलवर राहते, मिळेल ते मिळेल तिथं खाते, त्यामुळं माझ्या पोटाची घरात कुणाला फिकीर नाही.

आक्का माझी थोरली बहीण. काही वर्षांपासून ती एकभुक्त करते (दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचा नेम). आम्ही जैन, आमच्यात अंधार पडल्यावर कुणीच जेवत नाही, आणि आजीही हा नेम आनंदानं पाळायची. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आक्काचा नेम सुरू झाला तो वनशास्त्राच्या कॉलेजात मिळालेली जागा घरच्यांनी तिला सोडायला लावली त्याच आठवड्यात. लांबचा गाव, रानातली नोकरी, एकटी मुलगी म्हणून आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नाही म्हटलं. आक्का भांडली नाही, रडली नाही, फक्त ताटावर बसणं कमी केलं. पै-पाहुणे तिचं कौतुक करू लागले आणि ती वाळत चालली. एकदा जंगल बघितलं तर ती पुन्हा काहीतरी मागेल, निदान जास्तीचा घास तरी, या आशेवर मी दांडेलीची सफारी ठरवली होती.

विद्यार्थिनीला सफारी झेपते ती कर्नाटकात बायकांना साध्या बसमधून फुकट जाता येतं म्हणून. कंडक्टरनं "आधार तोरस्री" (आधार दाखवा) म्हणून निपाणीचा पत्ता बघितला आणि शून्याचं तिकीट हातात ठेवलं. मागच्या सीटवर कोल्हापूरच्या एक मावशी होत्या. पत्ता महाराष्ट्रातला असल्यामुळं त्यांना तिकीट काढावं लागलं. "म्हंजे आमी काय बाप्ये हाय व्हय?" त्या म्हणाल्या आणि अख्खी बस हसली. आक्का बाहेर ऊस बघत होती. काकती मागे पडलं, बेळगाव आलं. तिथं मी उभ्याउभ्या इडली-वडा हाणला आणि आक्कासाठी कुंदा घेतला. एकेकाळी ही खव्याची तपकिरी मिठाई घरी पोचेपर्यंत ती निम्मी संपवायची.

खानापूर सोडल्यावर झाडी दाटली आणि टायर बसला. दुसरी बस येईपर्यंत सगळे रस्त्याकडेला उभे राहिलो. आक्का एका झाडाच्या सालीवर हात ठेवून उभी होती. कसलं झाड म्हणून विचारलं तर म्हणाली, विसरले. भाकऱ्या थापताना झाडांची शास्त्रीय नावं घोकणारी ही बाई विसरेल यावर माझा विश्वास नाही. इथंच जेवून घेऊ म्हटलं, तर पोचल्यावर नीट बसून जेवते म्हणाली.

पोचलो तेव्हा शेवटची जीप सुटत होती. आत खाणं नेता येत नाही म्हणून डबा फाटकावरच्या खोलीत ठेवावा लागला. जेवायला बसलो असतो तर जीप गेली असती. मी काही बोलायच्या आत आक्का जीपमध्ये चढलीसुद्धा. त्या दिवशी मला आनंद झाला तो तेवढ्यापुरता.

थोडी चितळं दिसली, एक मोर पळाला. मग आतल्या एका अडसरापाशी जीप थांबली आणि बांबूच्या बेटातून गवा बाहेर आला. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. सगळे मोबाईल घेऊन उभे राहिले. आक्कानं तिकडं बघितलंच नाही. ती अडसर उचलणाऱ्या वनरक्षक बाईकडं बघत होती. खाकी गणवेश, घट्ट वेणी, बुटांना चिखल. त्या बाईनं आमच्या भागात कुणीही कुणालाही विचारतं तसं सहज विचारलं, "ऊट आय्तेन्री?" (जेवण झालं का?)

"आय्त्री," आक्का म्हणाली. म्हणजे, झालं. आणि हसली.

माझी बहीण खोटं बोलत नाही.

परत फाटकावर आलो तेव्हा दिवस मावळला होता. डबा तसाच राहिला. रात्री तिथंच स्वस्तातल्या एका खोलीत झोपलो आणि सकाळी भाकऱ्या गाईला घातल्या. परतीच्या बसमध्ये आक्का एकदाच बोलली.

"तिचं वय काय आसंल गं?"

"तुज्याएवढंच."

त्यानंतर निपाणीपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून होती. जंगल दाखवलं की ती पुन्हा मागायला लागेल, असं मला वाटलं होतं. मी तिला तिच्या हातून गेलेलं आयुष्य फुकटच्या बसनं जवळून दाखवून आणलं होतं.

दुपारी घरी पोचलो. प्रवासातही पोरीनं नेम मोडला नाही, उलट उपास घडला, हे आई शेजारणीला अभिमानानं सांगत होती. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हटलं, "आई, ह्यो नेम न्हाय. तिनं खाणं सोडलंय."

आई तव्यावरची भाकरी उलटत राहिली. "मला दिसत न्हाय व्हय?" ती हळू म्हणाली. "पण नेम हाय म्हणून आप्पा तिला काय बोलत न्हाईत. स्थळाचा विषय काढत न्हाईत. तेवढा तरी तिला ऱ्हाऊ दे."

मी कुंदा न उघडताच फडताळात ठेवला. आक्का हातपाय धुऊन पाटावर बसली होती. भाकरी अर्धीच वाढ, असं तिनं बाहेरून सांगितलं. आईनं भाकरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अर्धीच वाढली.