सुभद्राबाईचा मंदावलेला कॉम्प्युटर

निम्मा जन्म मेंढरांमागं काढलेल्या आळंदच्या सुभद्राबाईला कॉम्प्युटरचं एकच काम येत होतं. बटण दाबायचं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची, की तिचा पोरगा भीमाशंकर बोलायला लागायचा. २००८च्या दसऱ्याला पुण्याहून येताना पोरानं हे जुनं यंत्र आणलं, जायच्या दिवशी त्यात आपलं बोलणं चित्रासकट भरून ठेवलं आणि आईला ते लावायला शिकवलं. दिवाळीच्या आत उमरग्याजवळ त्याची गाडी उलटली. त्याचा आवाज म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं.

मग तिनं त्या यंत्राचंच देवघर केलं. रोज सकाळी खापरात निखारे घेऊन त्यावर ऊद टाकायची आणि धूर मागच्या जाळीतून आत जाईपर्यंत खापर धरून ठेवायची. वर हळदीची चिमूट. गल्लीत सगळे बघत होते, पण पोर गमावलेल्या बाईला शहाणपण शिकवायला कुणाची जीभ रेटेना. रेटायला हवी होती.

वर्षभरात यंत्र मंदावलं. भीमाशंकर एक शब्द बोलायचा, तिच्याकडं बघत तसाच थांबायचा, मग पुढचा शब्द. तिला वाटलं, आपला ऊद कमी पडतोय. ती दोन्ही वेळा घालू लागली. एके दिवशी पडदा मध्येच काळा झाला. तिनं गुलबर्ग्याहून योगीराज मेकॅनिकला बोलावून घेतलं.

योगीराजनं डबा उघडला तर आतला पंखा काजळीनं गच्च.

"अक्का, ह्याला आत वाराच न्हाई. तापलं की हे सावकाश चालतंय. अजून थोडे दिवस गेले असते तर समदंच जळलं असतं."

दुसरा कुणी असता तर आधी यंत्रात भरलेलं सगळं पुसून मोकळा झाला असता. हा गडी भला. दुपारभर कुंचल्यानं काजळी काढत बसला, बोलण्याला धक्का लावला नाही, वर त्याची सीडीही काढून दिली. मग यंत्र लावलं.

"अव्वा, येळेवर जेव. गोळ्या खात जा. दिवाळीला येतो. गाडी यायलीय, जायलो मी."

पडदा थांबला.

"पुढचं लाव की," सुभद्राबाई म्हणाली.

"एवढंच हाय, अक्का."

"न्हाई. लई येळ बोलायचा त्यो. मधी थांबायचा, माझ्याकडं बघत बसायचा. त्ये कुठं गेलं?"

"मशीन अडकायचं, अक्का. त्यो थांबत नव्हता."

तिनं पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. भीमाशंकर दर वेळी घाईघाईनं चार वाक्यं बोलला आणि निघाला. तिसऱ्यांदा तो निघाला तेव्हा ती योगीराजकडं वळली.

"कामून दुरुस्त केलास रे बाबा?"