नारळ समुद्राकडे वळलाच नाही

मी स्वतः इतक्या थापा मारतो, की दुसऱ्याच्या भुतावर विश्वास ठेवायला मला कधी सवडच मिळाली नाही. बोरगाव मेघेत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या जळालेल्या मोटरी येतात, मी नवी तार भरून देतो, आणि गिऱ्हाईक बसलंय तोवर त्याला काहीतरी ऐकवतो. मे महिन्यात मी दुकानाच्या शटरवर भाकर शेकली, असं एकदा सांगितलं होतं. एकाने फक्त भाजी कशाची होती तेवढं विचारलं. तेव्हा वाचकांनी मला ओळखूनच पुढे वाचावं. पण खाली जे लिहिलंय, त्यात बोटीपर्यंतचा मसाला माझा आहे. बोटीच्या पुढे मी चिमूटभर मीठही टाकलेलं नाही.

थंडी संपता संपता आम्ही तिघं अंदमानला गेलो. मी, माझे साळे दादाराव आणि माझा शाळेपासूनचा मित्र विलास. हे दोघंही आर्वीकडच्या रोहण्याचे, शेताला शेत लागून. विलासची बायको सुनंदा वहिनीही येणार होती, पण संत्र्याला पाणी द्यायचे दिवस. ती म्हणाली, तुम्ही जा, मी ओलित पाहते.

दादाराव पाणाड्या आहेत. म्हणजे विहीर किंवा बोअर कुठे घ्यायची ते सांगणारे. चपला काढतात, शेंडीवाला नारळ उजव्या तळहातावर आडवा ठेवतात आणि तोंडातून शब्द न काढता शेत चालतात. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहतो. तिथे चुन्याने गोल आखायचा आणि तोच नारळ तिथे फोडायचा. विलासची विहीर त्यांनीच दाखवलेली. माझ्या घरची बोअरसुद्धा. मी याला मनगटाची कसरत म्हणायचो, त्यांच्या तोंडावर. ते हसायचे. आमच्याकडे कुणाच्या शेतात पाणी लागलं की गावभर पेढे वाटतात, त्यामुळे माझ्यासारख्याचं कोण ऐकतो?

तिथल्या एका लहान बेटावर नेणाऱ्या बोटीबद्दल एवढंच, की ती अशी हलली, की माझ्या लग्नातले लाडू बाहेर यायचे बाकी राहिले. समोरच्या म्हाताऱ्याची कवळी उडून माझ्या खिशात आली. उतरताना मी ती नमस्कार करून परत केली.

इथे मसाला संपला.

त्या बेटावर आमचा एकच दिवस उरला होता. सकाळी जीपवाल्याने विचारलं, कोणत्या बीचवर सोडू? एक मोठा, पांढऱ्या वाळूचा, लाटांचा, गर्दीचा. दुसरा बेटाच्या मागच्या अंगाला, शांत. मागे दाट झाडी, पाणी लांबवर गुडघाभर. मला मोठा पाहिजे होता, फोटोसाठी. विलासला दुसरा, कारण त्याला पोहता येत नव्हतं आणि समुद्राला तो आल्या दिवसापासून भीत होता. मी त्याला चिडवून बेजार केलं. विहिरीच्या काठावर जन्म गेला आणि पाण्याला भेते, म्हटलं. तो म्हणाला, "विहिरीचं पाणी घरचं असते बे. हे कोनाचं हाय?"

वाद मिटेना, तेव्हा मीच म्हटलं, दादारावांना विचारू. नारळाला तर इथे तोटा नाही. दादाराव तयार नव्हते, गमतीसाठी नारळ हातात घेत नाही म्हणाले. पण विलासनेच गळ घातली. जीपवाल्याला दोन्हीकडे गाडी न्यायला सांगितलं.

पहिल्या बीचवर दादाराव अनवाणी वाळूत चालले. पार लाटेपर्यंत गेले, घोट्यावरून पाणी गेलं... नारळ मेल्यासारखा पडून. समोर अख्खा समुद्र आणि नारळाला पत्ताच नाही! मी हसून हसून वाळूत बसलो. दादाराव म्हणाले, खाऱ्या पाण्याले नारळ बोलत नाई, अन् चपला घालायला लागले.

मग दुसरा बीच. उन्हं चांगली वर आली होती. झाडाखाली एक बाई शहाळी विकत होती. विलास एक शहाळं घेऊन सावलीत उभा राहिला. दादाराव पाण्याच्या कडेला गेले. काही नाही. ते वळले, समुद्राकडे पाठ करून आमच्याकडे येऊ लागले. विलासपासून हातभर अंतरावर आले आणि नारळ उभा राहिला.

मनगट मी नीट पाहिलं. ते हललं नव्हतं. दादाराव डावीकडे सरकले, नारळ आडवा झाला. पुन्हा विलाससमोर आले, पुन्हा उभा. विलास दोन पावलं बाजूला झाला, तर नारळ त्याच्या दिशेने कलला.

मी ओरडलो, याच्यात तीन इंची पाणी आहे, घाला बोअर! विलासही पोट धरून हसत होता. त्याने स्वतःच टाचेने वाळूत आपल्याभोवती गोल काढला आणि आत मांडी घालून बसला. "झालं ना मंग," तो म्हणाला. "पानी लागलं. आता इथंच राहू."

आम्ही कोरड्या मुलखातली माणसं. पाणी लागलं म्हणजे चांगलंच, यापलीकडे आमच्या डोक्यात काही येतच नाही. नारळ उभा राहिला, म्हणजे हाच बीच. ठरलं. फक्त दादाराव हसत नव्हते. नारळ उभा राहिला तिथे फोडायचा असतो, आणि इथे तो कुठे फोडावा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तो पिशवीत टाकला.

आम्ही दोघं समुद्रात उतरलो. विलास त्याच गोलात बसून आम्हाला हात करत होता. थोड्या वेळाने मी वळून पाहिलं तर तो आडवा झालेला. झोपला असेल म्हटलं. परत आलो तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

कपडे कोरडे. केस कोरडे. पायाला वाळू, तीही कोरडी. दादारावांनी त्याला कुशीवर वळवलं आणि तोंडातून पाणी यायला लागलं. थांबेचना. मी छाती दाबली, तोंडाला तोंड लावून श्वास दिला, आणि ते पाणी माझ्या तोंडात आलं.

खारं नव्हतं. गोड होतं. त्या उन्हात दातांना कळ लागेल इतकं गार, आणि मागून चुनखडीची हलकी चव. ही चव मला पाठ आहे. मोटर बसवायला गेलो की विलासच्या विहिरीचं पाणी मी तांब्याने पितो.

बेटावरच्या दवाखान्यात नेईपर्यंत विलास गेला होता. डॉक्टर म्हणाले, शहाळ्याचं पाणी श्वासनलिकेत गेलं असेल. असेल. पण शहाळं त्याच्या बाजूला तसंच उभं होतं, अर्ध्याहून जास्त भरलेलं.

वहिनीला फोन मीच लावला. काय बोलायचं ते जुळवत होतो. तिने उचलला आणि मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "भाऊजी, बरं झालं तुमी फोन केला. ह्यायचा फोन लागून नाई राह्यला. विहीर कोरडी झाली. सकाळी काठोकाठ होती, आता खाली दगड दिसून राह्यले. मोटर जळली. ह्यायले लवकर या म्हना."

दादारावांनी फोन माझ्या हातातून घेतला.

ती मोटर नंतर माझ्याच दुकानात आली. कोरडी चालून जळालेली वाइंडिंग मी डोळे झाकून, नुसत्या वासावरून ओळखतो. तशीच होती.

दादारावांनी नारळ सोडला. लोक गाड्या घेऊन दारात यायचे, ते आतून कडी लावून घ्यायचे. पण वहिनीची झाडं वाळायला लागली. तिच्याजवळ आता तेवढंच होतं. ती येऊन त्यांच्या ओसरीवर बसली आणि दादाराव उठले. त्यांना घेऊन मी गेलो.

ते सगळं शेत चालले. कोरड्या विहिरीभोवती फिरले. नारळ आडवाच. मी शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभा होतो. ते वळले आणि माझ्याकडे येऊ लागले... आणि मध्येच थांबले. डावा हात त्यांनी नारळावर दाबून धरला. हाताच्या शिरा ताणलेल्या मला एवढ्या लांबून दिसल्या.

"जवाई, तुमी गाडीत जाऊन बसा."

"काऊन?"

"बसा म्हनलं ना."

वहिनीला त्यांनी पाणी नाही म्हणून सांगितलं. येताना नारळ मांडीवर दोन्ही हातांनी धरून मागच्या सीटवर बसले. मी एक मस्त थाप मारली, ते हसले नाहीत. काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कार्यकारणभाव ज्यांना सापडेल त्यांनी जरूर लिहावं. मला, त्या मोटरीची तार स्वतः काढणाऱ्याला, तो सापडलेला नाही.

दुकान चालू आहे. बाकावर थापाही चालू आहेत. फक्त सकाळी उठलो की चहाच्या आधी मी मागच्या अंगणात जातो, बोअरचं बटण दाबतो आणि पाइपातून पाणी येईपर्यंत श्वास धरून उभा राहतो.

आज आलं.