प्रणालीचं त्रेचाळीस डिग्री

फिजिक्सच्या लॅबमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप अंगावर येऊन पडतात. आमच्या बीएस्सीच्या पोरांची पद्धतच अशी, की पुस्तकातलं उत्तर आधी लिहायचं आणि रीडिंग मागून जुळवायचं!

*

स्वप्निलचा लोलकाचा प्रयोग. पंधरा मिनिटांत उत्तर काढून स्वारी सहीला हजर! जाऊन बघते तर स्टँडला नुसता दोरा लोंबतोय.

"काय गा, याचा गोळा कुठाय?"

"तो तं आणाचाच राह्यला मॅडम. म्हटलं, रीडिंग तं उरकून टाकू!"

*

गोळा लावला, तर लोलक सरळ झुलायचं सोडून गोल फिरायला लागला. वर पंखा फुल स्पीडवर! मी पंखा बंद केला.

"मॅडम, त्याच्यासाठी आमी काहून घामात मरावं?" स्वप्निल कळवळला.

तेव्हापासून लॅबचा नियम झाला. प्रयोग सुरू, तर पंखा-कूलर बंद. पोरं अजून मला शिव्या घालतात.

*

शेवटी मी वैतागून जाहीर केलं, "यंदा जे दिसेल तेच लिहायचं. खऱ्या रीडिंगचे मार्क कटणार नाहीत, हा माझा शब्द!"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. कामठीहून येणारी प्रणाली तेवढी हसली नाही. एकदा तिचं उत्तर काही केल्या जुळेना.

"काहून डोकं लावून राहिली वं? पुस्तकातलं टाक ना!" स्वप्निल म्हणाला.

"मले दिसूनच नाही राहिलं, तं लिहू कसं?"

काय सांगू, इतकं बरं वाटलं! त्या दिवशी मी तिला कँटीनमध्ये चहा पाजला.

*

मग मे महिन्यात प्रॅक्टिकलची परीक्षा आली. गरम पाणी किती वेगानं निवतं, ते मोजायचं होतं. लॅब वरच्या मजल्यावर, नुसती भट्टी! तरी साऱ्या वर्गानं खोलीचं तापमान लिहिलं सत्तावीस, पुस्तकात होतं तेच. प्रणालीनं लिहिलं त्रेचाळीस.

बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. "सगळ्यांचं सत्तावीस, मग तुझंच त्रेचाळीस कसं?"

हिचे मार्क गेले, तर या लॅबमध्ये खरं रीडिंग पुन्हा कोण लिहिणार होतं?

प्रणालीची नजर थर्मामीटरवरून हलेना. सर घामानं निथळत होते. वैतागून माझ्याकडे वळले, "मॅडम, ते राहू द्या, आधी तो कूलर लावा हो! जीव चाललाय गर्मीनं!"

"लावू नोका सर!" प्रणाली ओरडली. "कूलर लावला तं खरंच सत्तावीस होऊन जाईन!"