आत्याच्या हातची ताटी

राजेश्वर गावातल्या आमच्या घरी एका सकाळी मी आत्याची ताटी चुलीत घातली. अठरा-एकोणीस वर्षांचा होतो, गावच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो... आणि डोकं ठिकाणावर नव्हतं.

ताटी म्हणजे न्हाणीतून बाहेर आल्यावर पाय ठेवायची जागा. तूर निघाली की शिवम्मा आत्या शेतातून सरळ तुराट्या निवडून आणायची, सोलून गुळगुळीत करायची आणि बोटभर फट ठेवून अंबाडीच्या सुतळीनं एकीला एक बांधायची. पाणी फटीतून खाली जायचं, पाय जागच्या जागी कोरडे.

सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की ती ताटीवर कढत पाणी ओतायची आणि उन्हात भिंतीला उभी करायची. वर्ष सरलं की जुनी चुलीत, नवी दारात. "ओल्यावर ओला पाय ठेवू न्हाई," एवढंच तिचं शास्त्र.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहायची... दुसरी भाकरी मागतानाही संकोचायची. पण ताटीवरून कुणी चिखलाच्या पायानं गेलं तर अप्पांनासुद्धा सोडायची नाही. घरात तेवढा एक हक्क तिचा होता. हे मला फार उशिरा कळलं.

त्या सुमारास निजामाचं राज्य जाऊन आमची उर्दूची शाळा मराठी झाली होती, आणि मी कवितांनी झिंगलेला. मुलांबरोबर चालीवर कविता म्हणताना तास संपल्याचं मलाच कळायचं नाही. अशात शाळा तपासायला साहेब येणार, आमच्याकडंच उतरणार असं ठरलं... आणि मला न्हाणीसमोरच्या त्या काटक्यांची लाज वाटली.

मित्राकरवी सोलापूरहून जाड सुती पायपुसणं मागवलं. लालभडक, मधोमध मोर. ते अंथरलं आणि महिन्याभरापूर्वीच बांधलेली ताटी मोडून चुलीत सारली.

"काय करायलास रे?" आत्या दारात उभी होती.

"आत्या, साहेब यायलेत. हे बघ, किती मऊ आहे."

"व्हय, मऊ हाय." ती जाळाकडं बघत राहिली. "माझी टोचत व्हती तर सांगायचं की रे मास्तर. आनिक तासली असती."

साहेब आले, अंघोळ केली आणि चप्पल घालूनच त्या मोरावरून निघून गेले. खाली बघितलंसुद्धा नाही.

"ह्याला रोज वाळवायचं कोण?" माझ्या आईनं, अव्वानं, विचारलं होतं. "मी," म्हणालो होतो. चार दिवस वाळवलंही. पुढं सकाळी ओट्यावर वही घेऊन बसलो की कसली अंघोळ आणि कसलं पायपुसणं...

पावसाळ्यात ते शहाबादी फरशीला चिकटूनच असायचं. खाली बुळबुळीत काळा थर, आंबूस वास. वरून मोर मात्र छान दिसायचा.

परवा माझी सून फोनमधलं वाचून दाखवत होती... बाथमॅट लवकर वाळणारं घ्या, खालून हवा खेळू द्या, आठवड्याला कढत पाण्यातून काढा, जुनं झालं की बदला. हे सगळं आमच्या घरात होतं. मी जाळलं.

आत्या लिंगपूजेसाठी सगळ्यांआधी अंघोळ करायची. त्यामुळं कालच्या ओल्या पायपुसण्यावर पहिला पाय तिचाच पडायचा. श्रावणात तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. ती हळद-तेल लावून गप्प. लंगडायला लागली तेव्हा कुठं अव्वाच्या लक्षात आलं.

"कामून सांगितलं न्हाईस, अक्का?"

"पोरानं हौसेनं आणलंय. नाव कशाला ठेवायचं?"

मी दाराआडून ऐकलं. पायपुसणं उचललं आणि उकिरड्यावर टाकून आलो. तिच्याजवळ मात्र गेलो नाही. नवी ताटी बांध म्हणावं, तर तूर अजून शेतात हिरवी होती.

पाय बरे झाले. दसऱ्यानंतर कोहिनूर गावाहून तिच्या दिराकडची गाडी आली. त्यांची सून बाळंत झाली होती, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जाणतं माणूस पाहिजे होतं. "महिन्यात येते," म्हणून आत्या गेली... महिन्याचे तीन झाले.

तूर निघाली. मी स्वतः सरळ तुराट्या निवडून बाजूला ठेवल्या आणि गाडी जुंपून तिला आणायला निघालो.

कोहिनूरच्या त्या घरात न्हाणीशेजारी नवी कोरी ताटी उन्हात उभी होती. आत्या पाय लांब करून बसलेली, पायांवर बाळ पालथं, हात तेलानं माखलेले.

"या मास्तर! आज शाळा कुणाच्या गळ्यात घातलीस?"

"आत्या, चल घरी. तुराट्या काढून ठेवल्यात तुझ्यासाठी."

ती हसली. "मग बांध की! एवढ्या पोरांना शिकवायलास, तुला एवढं येईना व्हय?"

मग बाळाच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "न्हाई रे बाळा. हे लेकरू माझा हात वळखायलंय. हितं उजाडल्यापासनं सगळे मलाच हाका मारायलेत."

'माझं चुकलं' म्हणायचं ठरवून गेलो होतो. तिनं ताक दिलं, मी प्यालो, शाळेच्या गप्पा मारत बसलो... निघताना पाया पडलो, तेवढंच.

दिवस मावळताना गाडी घरासमोर थांबली. नणंद येणार म्हणून अव्वानं पाणी तापवून ठेवलं होतं. ती पुढं येऊन गाडीत वाकून बघायला लागली.

"आत्या तिथं बरी हाय, अव्वा," मी म्हणालो.

खरंच बरी होती... म्हणूनच अजून सलतं.