शिवेवरची विहीर

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी खर्ड्याच्या बाजूला फौजदार होतो. पूर्वी तिथल्या ओढ्याच्या अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे निजामाची मोगलाई. ओढा म्हणजे दोन राज्यांची शीव. एका पुरात ओढ्यानं पात्र बदललं आणि मधला पट्टा कुणाचा, यावर दोन गावं भांडत बसली. राज्यं गेली तरी भांडण मिटलं नाही. त्या वर्षी तर आसपास फक्त त्या पट्ट्यातल्या विहिरीलाच पाणी होतं.

शेवटी गावांनी जुनी रीत काढली. जाणत्या माणसानं आदला दिवस-रात्र कडक उपास करायचा आणि सकाळी उपाशीपोटीच शिवेची माती डोक्यावर घेऊन अनवाणी चालायचं. तो चालेल ती शीव. खोटं चालला तर घराचा वंश बुडतो, ही समजूत. आमच्या हद्दीतल्या गावचा एक म्हातारा दोघांनाही मान्य झाला. ओढ्याचं जुनं पात्र पाहिलेला तेवढाच उरला होता. त्याला बायको-मूल नव्हतं, पुतण्याकडे राहायचा.

ठरल्या सकाळी म्हाताऱ्याचं प्रेत त्याच विहिरीत सापडलं. डोक्याला मार होता. पुतण्या रडत ठाण्यात आला.

"सायेब, चुलता कालपास्नं उपाशी हुता. पहाटं माती आनाया गेला आन पलीकडच्यांनी डाव साधला."

पलीकडच्या ठाण्याला कळवलं, तर तिथले फौजदार म्हणाले, "हद्द तुमची." जमीन सगळ्यांना हवी होती, मढं कुणालाच नको होतं. पंचनामा मीच केला.

आमच्या गावानं म्हाताऱ्याची वाजतगाजत अंत्ययात्रा काढली. गावासाठी जीव दिला म्हणून विहिरीजवळ त्याच्या नावाचा ओटा बांधायला घेतला. मी पलीकडचे संशयित आणून उलटसुलट विचारलं. काही निघेना.

मग शवविच्छेदनाचा अहवाल आला. पोटात भाकरी आणि पिठलं, जेमतेम पचलेलं. मी चमकलो. उपास मोडला म्हणजे म्हाताऱ्यानं चालायचा बेतच सोडला होता. मग पहाटे माती आणायला तो कशाला जाईल? आणि उपाशी गेला असं पुतण्या कशाला सांगेल?

पुतण्याला मी तूर्त हात लावला नाही. त्याच्या बायकोला पोलीस पाटलासमोर एवढंच विचारलं, "म्हाताऱ्याला शेवटचं कुणी वाढलं, बाई?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"म्याच वाढलं, सायेब. सांजंला मामंजी ह्यास्नी म्हनले, हीर पलीकडच्यांचीच हाय. खोटं चाललो तर तुज्या लेकरांचा वंश बुडंल, माझं काय जातंय? उद्या चौघांत खरं सांगून मोकळा व्हतो. मग मला म्हनले, पोरी, वाढ भाकर."

"पुढं?"

"ह्यांनी खोऱ्याचा दांडा घातला. ताटावरनं उठू बी दिलं न्हाई. मग रातीला हिरीत नेऊन टाकलं."

हे पुढ्यात ठेवताच पुतण्या कोसळला. "समद्या गावाला पानी पायजे हुतं," एवढंच म्हणत राहिला. त्याच्या लेकरांसाठी म्हाताऱ्यानं खोटं चालायला नकार दिला, आणि पुतण्यानंच त्याला संपवलं. मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही. त्याला जन्मठेप झाली.

मला वाटलं होतं, आता तरी गाव खाली मान घालेल. कसलं काय! म्हातारा खरं सांगणार होता हे कळल्यावर लोकांनी तो अर्धा ओटा उपटला आणि दगड आपापल्या बांधाला नेले. साक्ष दिली म्हणून त्या बाईला वाळीत टाकलं. खून कुणी केला हे गुन्हेगाराकडून काढता येतं. खरं बोलणारा माणूस लोकांना का नको असतो, हे मला एकाही चौकशीत काढता आलं नाही.

बदलीच्या आधी पितृपंधरवड्यात त्या बाजूला गस्तीला गेलो होतो. ओट्याच्या जागी उकरलेली माती होती. तिच्यावर पानात भाकरी-पिठलं ठेवून ती बाई बाजूला एकटी उभी होती, कावळा शिवायची वाट पाहत.